भाऊबंदांचा मेळा आणि घरची वंशावळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. गावात आता आमच्या कुळाची सातच घरं उघडी आहेत. बाकीचे सुरत, नाशिक, पुणे, कल्याण असे पांगले. गेल्या सहा वर्षांत आम्ही भाऊबंदांचे चार मेळे भरवले आणि सात पिढ्यांची वंशावळ लिहून काढली. तेव्हापासून धुळे, जळगाव, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून ओळखीपाळखीचे लोक फोन करतात आणि बहुतेक तेच ते विचारतात. ते प्रश्न नि आमची उत्तरं इथे लिहिली आहेत. घराघराची रीत निराळी असते, तेव्हा पटेल ते घ्या.

कानबाईच्या रोटांना सगळे भाऊबंद जमतातच. मग वेगळा मेळा कशाला?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते आणि कुठे कुठे गेलेली माणसं रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्यांसाठी, घरी येतात, हे खरं. रोटांचं दळण काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, पाळण्यातल्या बाळापासून आजोबांपर्यंत, सव्वा सव्वा मूठ गहू मोजतात. लहानपणी मी ते बघत बसायचो. मोठी माय सूप पुढ्यात घ्यायची, एकेक नाव उच्चारायची आणि मूठ टाकायची. सुरतच्या मिलमध्ये गेलेल्याचं नाव, भांडून दोन वर्षं घरी न आलेल्याचंही नाव. तिला अक्षरओळख नव्हती, पण घराची शिरगणती दर श्रावणात तिच्या हाताखालून जायची.

तरी रोटांचा दिवस कानबाईचाच असतो. रविवारी स्थापना, रात्री गाणी नि जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन, की दुपारच्या गाडीने निम्मी माणसं परत. चुलीपाशी बसलेल्या बायांना मान वर करायला फुरसत नसते. सगळ्यांना निवांत बसवून ‘तुझ्या पणजोबांचं नाव काय’ हे विचारायला वेगळा दिवसच काढावा लागतो. एक मात्र करा: रोटांना मोजलेली नावं त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. मेळ्याची पहिली यादी तीच.

मेळा कोणत्या दिवसांत घ्यावा?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास. शाळांना सुट्टी असते, शेतं मोकळी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात, आगारी टाकतात (विस्तवावर पितरांच्या नावाने घास), म्हणजे गेलेल्यांची आठवण आधीच घरात येऊन बसलेली असते. आमचे नाना आगारी टाकताना पाच नावं घ्यायचे. वंशावळीतली वरची पाच नावं आम्हाला तिथेच मिळाली.

नेमका आखाजीचा दिवस टाळा, दोन-तीन दिवसांनंतरचा धरा. ऊन विसरू नका. आपल्याकडे त्या दिवसांत पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा जे काय करायचं ते सकाळी 7 ते 11 आणि संध्याकाळी 5 नंतर. दुपारी रस-पोळी खाऊन ओसरीवर आडवं व्हायचं. दिवाळीत घेऊ नका, कापूस वेचणीत गावची माणसं अडकलेली असतात.

बोलवायचं कोणाला? दिलेल्या मुली, जावई, भाचे यांना धरायचं का?

पहिल्या मेळ्याला आम्ही फक्त आडनावाची माणसं बोलावली. ती चूक होती. दुपारी वंशावळीचा कागद पसरला आणि दर दुसऱ्या नावापाशी गाडी अडली. जुन्या घरात कोण कोणत्या खोलीत राहायचं, कोणाचं पहिलं मूल गेलं, कोण कोणाकडे दत्तक गेला, हे सगळं फुयांना, म्हणजे आत्यांना, ठाऊक होतं आणि फुई एकही आलेली नव्हती.

दुसऱ्या वेळी फोनवर भागवलं नाही. जुन्या रीतीने प्रत्येक फुईच्या दारात मुराळी (माहेरी न्यायला येणारा) पाठवला, कोणाकडे भाऊ, कोणाकडे भाचा. 19 जणी आल्या. सगळ्यांत थोरली 88 वर्षांची, शिरपूरहून. गाडीतून उतरल्यापासून जो समोर येईल त्याला ती विचारत होती, “तू कोना आंडोर रे भो?” (तू कोणाचा मुलगा रे भाऊ?) पोराने बापाचं नाव सांगितलं की त्याच्या आजोबाचं आणि पणजोबाचं नाव तीच सांगून टाकायची. आमची एक पुतणी वही घेऊन दिवसभर तिच्या मागे फिरली. त्या एका दिवसात 40 नावं भरली गेली.

पिढ्यांचं म्हणाल तर ज्याचं नाव खात्रीने माहीत आहे असा सगळ्यांत जुना पुरुष किंवा बाई धरा आणि त्यांच्या खालचे सगळे बोलवा. लेकी, जावई, भाचे सगळेच.

आजोबांच्या वरचं नाव कोणालाच माहीत नाही. शोधायचं कुठे?

आधी जिवंत माणसांना विचारा, मग कागदांकडे वळा. हा क्रम उलटा करू नका, कारण कागद थांबतात आणि माणसं थांबत नाहीत.

कागदांत सातबारा हाताशी असतो. नावापुढे गोल करून लिहिलेला आकडा दिसतो ना, तो फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर. त्या नंबराचा फेरफार तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. वारसाचा फेरफार असेल तर अमुक इसम अमुक तारखेला मयत, त्यास वारस अमुक अमुक, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या फेरफारात मागच्या फेरफाराचा माग लागतो. असं एकेक पायरी चढत आम्ही तीन पिढ्या वर गेलो. वारसांची नोंदवही म्हणजे 6-क, तीही बघा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर चाळायला विसरू नका.

दुसरी जागा म्हणजे नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये. गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या गुरुजींकडे तुमच्या वह्या आहेत ते कळतं. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलेल्या प्रत्येक पिढीने तिथे आपली नावं लिहवून घेतलेली असतात. आमच्या पणजोबांनी तिथे आपल्या भावांची नावं सांगितली होती. घरात आम्ही तीन भाऊ ऐकून होतो, वहीत चार निघाले. चौथ्याचा वंश तळोद्याकडे नांदत होता. ती माणसं तिसऱ्या मेळ्याला आली. चेहऱ्यांवरून ओळख पटायला वेळ लागला नाही. आमच्या घरचं रुंद कपाळ त्यांच्यातही होतं.

काही समाजांत वंशावळी राखणारे भाट अजून पोथी घेऊन गावात येतात. आले तर मानाने बसवा, दक्षिणा द्या आणि वाचन रेकॉर्ड करून घ्या. पोथीतल्या अलीकडच्या पाच-सहा पिढ्या कागदांशी ताडून पाहता येतात. त्याच्याही वर कूळ थेट एखाद्या राजवंशाला नेऊन जोडलेलं असेल तर ते निराळ्या पानावर लिहा, वंशावळीत मिसळू नका.

हे सगळं जात पडताळणीला उपयोगी पडतं का?

पडतं. अर्जासोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं आणि त्या त्या प्रवर्गाच्या मानीव (नियमाने ठरवलेल्या) तारखेच्या आधीचे पुरावे मागतात. इतर मागासवर्गासाठी ती तारीख 13 ऑक्टोबर 1967 आहे, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961. पोराच्या ॲडमिशनच्या तोंडावर घरात जी धावाधाव होते ती टाळायची तर मेळ्यातच कागदांची एक फाईल करा आणि तिच्या प्रती प्रत्येक शाखेला द्या.

आमचे जुने कागद मोडी लिपीत आहेत. वाचून कोण देईल?

या बाबतीत खान्देश नशीबवान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. अशा ठिकाणी चौकशी केली तर मोडी वाचणाऱ्यांचा पत्ता लागतो. मूळ कागद कोणाच्या हाती सोपवू नका, चांगल्या उजेडातले फोटो द्या. आमचा एक गहाणखताचा कागद असाच ‘वाचून देतो’ म्हणून गेला तो परत आला नाही. त्याचा फोटोसुद्धा आम्ही काढलेला नव्हता.

बायकांची नावं कशी शोधायची? वंशावळीत तर नुसते पुरुषच दिसतात.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारणारा भेटला की मला बरं वाटतं.

जुन्या फेरफारांत मुली सहसा सापडत नाहीत. विधवा सापडतात, कारण पोरं अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असली की जमीन आईच्या नावे लागायची. नावापुढे ‘भ्र.’ असं लिहिलेलं दिसेल, भ्र. म्हणजे भ्रतार, त्याच्यापुढे नवऱ्याचं नाव. पण हे नाव सासरचं. लग्नात बदललेलं असेल तर माहेरचं नाव त्या कागदात नसतं.

ते नाव आम्हाला भांड्यांवर मिळालं. जुन्या घरातलं तांब्याचं घंगाळ मोडीत काढायला निघालं होतं. पुतणीने चिंच-मीठ लावून घासलं, तेव्हा काठाखाली ठोक्या-ठोक्याच्या अक्षरांत एक नाव उमटलं, पुढे बापाचं नाव आणि पारोळे हे गाव. आम्ही जिला आयुष्यभर एका नावाने ऐकत आलो ती पणजी माहेरी निराळ्या नावाची होती. मग घरोघरची हंडी, परात, पितळी डबे, सगळं बाहेर काढलं. लग्नात आंदण आलेल्या भांड्यांवर कोणी दिलं, कोणाला दिलं, काही वेळा सालसुद्धा कोरलेलं असतं. मेळ्यात एक पाट मांडून प्रत्येक घराला एक नाव घातलेलं भांडं आणायला सांगा. दुपारभर माणसं तिथून हलत नाहीत.

आमच्या वंशावळीत आता प्रत्येक बाईच्या चौकटीत तीन गोष्टी आहेत: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव. लेकींच्या खाली त्यांची मुलं-नातवंडंही आहेत. कागद मोठा झाला, फ्लेक्सवर छापावा लागला. होऊ दे मोठा.

मुलींची नावं घातली तर उद्या त्या जमिनीत वाटा मागतील, असं भाऊबंद म्हणतात.

आमच्याकडेही म्हणाले, आणि चढ्या आवाजात म्हणाले. त्यांना शांतपणे सांगा की वाटा कायद्याने आहे, घरच्या कागदाने नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतः मुलाइतकीच हक्कदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. भिंतीवरच्या फ्लेक्सवर नाव घातल्याने हक्क वाढत नाही आणि गाळल्याने बुडत नाही. नाव गाळल्याने बहिणीचं मन मात्र दुखतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांची बोलचाल बंद आहे अशा भावांना एकत्र कसं आणायचं?

आणू नका. दोघांनाही बोलवा, निरोप घेऊन वेगवेगळी माणसं पाठवा, जेवायच्या पंगती वेगळ्या ठेवा आणि बांधाचा विषय त्या दिवशी कोणी काढायचा नाही असं थोरल्यांकडून आधीच वदवून घ्या. समेट घडवणं मेळ्याचं काम नव्हे. आमच्याकडचे दोघे तीन मेळे एकमेकांकडे पाठ करून बसले. चौथ्याला त्यांचे नातू एकाच पत्रावळीवर जेवत होते, आणि दोघांनीही त्यांना उठवलं नाही.

म्हातारी माणसं नीट सांगत नाहीत, “आते काय आठवस?” (आता काय आठवतंय?) म्हणतात. त्यांना बोलतं कसं करायचं?

समोर मोबाईल धरून ‘आजी, तुमच्या काळाविषयी सांगा’ म्हटलं की कोणीही गप्प होईल. हातात काम द्या. आमच्या बहुतेक चांगल्या रेकॉर्डिंग बिबडे (ज्वारीचे पापड) नि कुरडया घालताना झाल्या. सकाळच्या उन्हात खाटेवर धडपा पसरलेला, चार बाया सोऱ्या फिरवताहेत, मोबाईल उशाला पालथा पडलेला. हात चालू असले की तोंड आपोआप चालतं.

प्रश्न बारीक विचारा. घरात पाणी कोण आणायचं, कोणत्या विहिरीवरून? जात्यावर तुमच्या समोर कोण बसायचं? लग्नात वऱ्हाड कशातून आलं, छकड्यातून की रेल्वेने? साल विचारू नका, खूण विचारा. एका काकूला लग्नाचं साल सांगता येईना. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होत्या?’ म्हटल्यावर तिने शेजारी बसलेल्या पन्नाशीपारच्या मुलाकडे बोट केलं, “तवय मना कडेवर हाऊ व्हता.” (तेव्हा माझ्या कडेवर हा होता.) पुढचा तासभर खडी फोडायचं काम, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोराला झोळीत टांगायचं बाभळीचं झाड. लग्नाचं सालही त्यावरून लागलं.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाराचं नाव एवढं तुम्ही स्वतः बोलून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी आवाज कोणाचा हे ओळखत बसाल. ऐकणारे दोघं असावेत, एक विचारणारा आणि एक लिहिणारा. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करा.

आणि उद्यावर टाकू नका. असोद्याच्या लेकीचं, बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या जे गायच्या ते मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. त्या 1951 मध्ये गेल्या, गाणी 1952 मध्ये छापून आली. टिपून ठेवणारं घरात कोणी नसतं तर महाराष्ट्राला त्यातलं काहीच मिळालं नसतं. आपल्या घरातली म्हातारी बहिणाबाई नसेल, पण ती जे गाते ते दुसऱ्या कुठल्या घरात नाही.

रेकॉर्डिंग अहिराणीत ठेवायचं की प्रमाण मराठीत लिहायचं?

जसं बोलले तसं. अहिराणी असो, लेवा गणबोली असो, भिली असो. खाली मराठीत अर्थ लिहा, पण मूळ पुसू नका. सुरत-पुण्यात वाढलेल्या मुलांना अहिराणी येत नाही म्हणून नाक मुरडण्यापेक्षा त्यांना एकेक नात्याचा शब्द द्या. आंडोर, आंडेर (लेक), फुई, जिभाऊ, याही (व्याही), याहीन (विहीण). गेल्या वेळी लहान मुलांना 20 शब्दांची चिठ्ठी दिली होती. प्रत्येक शब्दाला त्या नात्याचं माणूस शोधून त्याची सही आणायची. संध्याकाळपर्यंत बहुतेकांना सगळे शब्द पाठ होते.

जुने फोटो आणि वह्या कशा जपायच्या?

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. ही दोन पथ्यं पाळली तरी निम्मं काम झालं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. स्कॅन करताना 600 डीपीआय ठेवा. स्कॅनर नसेल तर सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, सरळ वरून मोबाईलने फोटो काढा. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंक ही सगळ्यांत वाईट जागा. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ओल. आमच्या धाब्याच्या घरातल्या पेटीला खालून वाळवी लागली आणि आजोबांच्या हिशेबाच्या वह्यांची चाळणी झाली. वह्या सुती कापडात बांधून, भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि वर्षातून दोनदा उघडून बघा. एकदा आखाजीला, एकदा दसऱ्याच्या आवराआवरीत, म्हणजे लक्षात राहतं.

शंभर माणसांच्या जेवणाचं काय करायचं?

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. दुसरं काही सुचवणाऱ्याचं ऐकू नका. आमच्या हिशेबाने शंभर माणसांना 18 ते 20 किलो बट्टीचं पीठ, 7-8 किलो तूरडाळ, 20 किलो वांगी आणि तूप हात आखडता न घेता. हिवाळ्यात मेळा असेल तर कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. केटरर लावू नका. एका वर्षी लावला होता, जेवण वेळेवर झालं, पण चुलीभोवती बसून जे बोलणं होतं ते त्या वर्षी झालंच नाही.

खर्च कसा वाटायचा?

कमावत्या माणसामागे सारखी वर्गणी, लेकींकडून काही नाही. हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर टाका.

आमचं मूळ गावच धरणात गेलं. मेळा कुठे भरवायचा?

सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली मिळून 33 गावं बाधित झाली. तापीवरच्या धरणांनीही काठची माणसं उठवली. अशा घरांनी कुलदैवताच्या ठिकाणी जमावं. धुळ्याची एकवीरा, यावलकडची मनुदेवी, वणीची सप्तशृंगी, जे तुमचं असेल ते. आणि गावाचा नकाशा काढा. खरा नकाशा नको, आठवणीतला: दरवाजा कुठे होता, मारुती कुठे, विहीर कुठे, कोणाच्या घराला कोणाचं घर लागून. एका ओळखीच्या घराने पांढऱ्या चादरीवर कोळशाने असा नकाशा काढला. सहा म्हातारी माणसं चादरीभोवती उकिडवी बसली होती आणि एका निंबाच्या झाडाच्या जागेवरून त्यांचा अर्धा तास वाद चालला.

रोटांच्या दळणात मुलींच्या नावाची मूठ घालता येते का?

हे घरच्या थोरल्या बाईने ठरवायचं, पुस्तकात बघून सांगता येत नाही. काही घरांत मुळीच चालत नाही आणि त्यांच्या रीतीचा मान ठेवायला हवा.

आमच्या घरी मोठी माय गेल्यावर सूप थोरल्या वहिनीकडे आलं. गेल्या श्रावणात ती गहू मोजायला बसली तेव्हा पुतणीने वंशावळीची वही आणून तिच्याजवळ ठेवली, बोलली काही नाही. वहिनीने नेहमीसारखी आजोबांच्या नावापासून सुरुवात केली. पुरुषांची नावं संपली. ती क्षणभर थांबली, पदर सावरला आणि पुतणीचं नाव घेऊन मूठ टाकली. मग घरातल्या बाकीच्या मुलींची, मग सुनांची, शेवटी स्वतःची. आदल्या वर्षी 34 मुठी झाल्या होत्या. त्या वर्षी 63 झाल्या.